पाठमोरं लुगडं

मला बघायला आले तेव्हा नवऱ्या मुलापेक्षा त्याच्या बापानेच मला जास्त बघितलं. मुलगा बिचारा पोह्यांच्या बशीत तोंड घालून बसला होता. बाप मात्र खांद्यापासून पायापर्यंत आणि पायापासून खांद्यापर्यंत नजर फिरवत होता, मध्येच मान वाकडी करून माझ्या पदराच्या टोकाशी थांबत होता. माझी आत्या स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होती आणि तिचा चेहरा तापत चालला होता.

खरं तर पाहुणे संध्याकाळी येणार असा निरोप होता. ते सकाळीच कऱ्हाडला उतरून दारात हजर झाले. मला नेसायची चांगली साडी शेजारच्या वहिनींकडून यायची होती, ती काही वेळेवर आली नाही. मी नुकतं अंगण सारवून हात धूत होते. तशीच, घरातल्या साडीवर, मला आणून पाटावर बसवलं. साडी पानठिपक्याची. त्या काळात आमच्याकडे अर्ध्याअधिक बायकांच्या अंगावर तेच कापड असायचं. हिरवं बारीक पान, शेजारी पिवळा ठिपका, परत पान. स्वस्त, मळखाऊ आणि धुऊन धुऊन मऊ होणारं. आई कामाला नेसायची, फाटलं की त्याची बाळाची झोळी व्हायची, झोळी विरली की गोधडीत जायची. त्या छापाला पानठिपका हे नावसुद्धा बायकांनीच दिलेलं होतं.

"जरा चालून दाखवतेस का?" मुलाचे वडील म्हणाले.

मुलीला चालायला सांगणं तेव्हा सर्रास होतं. लंगडत तर नाही ना, एवढं बघायची ती रीत. मी दारापर्यंत गेले आणि परत आले. "पुन्हा एकदा," ते म्हणाले, "आणि जरा पाठमोरी उभी राहा." आत आत्याने भांडी आपटायला सुरुवात केली. माझ्या वडिलांनी मान खाली घातली. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते आणि मागे एक परका पुरुष माझ्याकडे निवांत बघत होता. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं.

तरी लग्न झालं, कारण मुलगा चांगला होता. तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं बांधकाम सुरू झालं होतं, तिथे त्याला वायरमनची कायम नोकरी लागली होती. लग्नानंतर एकदा ह्यांनीच हसत हसत खुलासा केला. बाबा मुंबईच्या कापड गिरणीत डिझाइनर. पानठिपका त्यांनीच काढलेला. माझ्या साडीवर छापताना पिवळा रंग ठिपक्याच्या बाहेर सांडला होता, म्हणून तो चुकार रंग सगळ्या कापडभर आहे की पदरापुरताच, हे त्यांना बघायचं होतं. मी लंगडते की धावते, इकडे त्यांचं लक्षच नव्हतं. हे ऐकून कुणी दुसरी असती तर हसली असती. मला मात्र राग आला. एका माणसाने आपल्याला इतकं टक लावून बघितलं याची लाज, की बघितलंच नाही याची, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

बोईसरला स्टेशनपासून सरावलीकडे जाताना कौलारू खोल्यांची एक रांग होती, तिथे आम्ही बिऱ्हाड केलं. पुढे सलग ओटा, समोर विहीर. सगळी बिऱ्हाडं प्रकल्पावरच्या माणसांची. कुणी नागपूरकडचे, कुणी खानदेशातले, कुणी सोलापूरचे. गिरणीने मामंजींना निवृत्त केलं तेव्हा ते परळची खोली सोडून आमच्याकडे आले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सामान म्हणजे एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि रंगांच्या बाटल्या. पेटीत कपडे कमी आणि ब्रश जास्त.

त्यांची सगळी हयात त्या गिरणीत गेलेली. पोरवयात छपाईचे ठसे धुवायला लागले, संध्याकाळच्या वर्गात चित्रकला शिकले आणि हळूहळू डिझाइन खात्याच्या लांब टेबलापाशी जाऊन बसले. तिथे फुलं काढायची, वेली काढायच्या, साहेबाने पसंत केलं की ते कापडावर जायचं. कापडाच्या काठावर गिरणीचं नाव छापलेलं असायचं, काढणाऱ्याचं कुठेच नाही. त्यांना त्याचं दुःख नव्हतं, असं ते म्हणायचे. पुढे नव्या चालीची मंडळी आली. अणूच्या गोळ्या आणि त्याभोवती फिरणाऱ्या कड्या, तिरके चौकोन, असं काहीबाही साड्यांवर यायला लागलं, आणि यांची पानं-फुलं साहेबांना म्हातारी वाटायला लागली. गंमत अशी की खरा अणू जिथे येणार तिथेच येऊन ते राहिले आणि इथेही पानंच काढत बसले.

त्यांचा एक सिद्धांत होता. "कागद चालत नाही, बाई चालते," असं ते म्हणायचे. कागदावर सुंदर दिसलेलं फूल निरीच्या घडीत अर्धं कापलं जातं, पदरावर आडवं पडतं. म्हणून छाप खरा कसा दिसतो ते नेसलेल्या बाईच्या मागे चालूनच कळतं. परळच्या नाक्यावर ते आयुष्यभर असे बायकांच्या मागे चालत आले होते. तिथल्या गर्दीत कुणाला पत्ता लागला नसेल. बोईसरात काय लपणार? इथे आदल्या दिवशी कुणाच्या घरात काय शिजलं ते दुसऱ्या दिवशी विहिरीवर कळत होतं.

ओट्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघायचे. मान वाकडी करून, डोळे बारीक करून, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. नागपूरवाल्या काकूंनी मला दोनदा विचारलं, "तुमचे सासरे काय करायचे हो आधी?" मी म्हटलं, गिरणीत होते. "कोणत्या खात्यात?" हिशेबात, मी ठोकून दिलं. म्हातारा बायकांच्या साड्यांवर फुलं काढायचा, हे सांगायला माझी जीभ रेटेना. हिशेब म्हटलं की कसं पुरुषी वाटतं.

मलाही त्यांनी सोडलं नाही. एका सकाळी हातात कोऱ्या कापडाचा तुकडा घेऊन म्हणाले, "सूनबाई, हा खांद्यावर टाकून जरा विहिरीपर्यंत चालून दाखवतेस?" विहिरीवर सगळ्या बिऱ्हाडांच्या बायका कपडे बडवत होत्या. मी सरळ आत गेले आणि संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "तुमच्या वडिलांना सांगून ठेवा." त्यानंतर मी हट्टाने सगळ्या बिनछापाच्या साड्या नेसायला लागले. निळी, करडी, चॉकलेटी, कोऱ्या पाटीसारख्या. बघा म्हटलं आता काय बघायचं ते. मामंजींनी माझ्याकडे बघणं खरंच सोडून दिलं, आणि मला ती माझी जीत वाटली.

मग नवापूरचं प्रकरण झालं. दुपारचं जेवण झालं की ते नवापूरच्या समुद्रावर फिरायला म्हणून बाहेर पडायचे. आम्ही समजत होतो, वारं खायला जातात. एके दिवशी संध्याकाळी नवापूरचे दोन मच्छीमार त्यांना मध्ये घालून थेट आमच्या ओट्यापाशी घेऊन आले. ह्यांची कामाची पाळी नुकतीच संपली होती, ते चहा पीत होते. सगळी बिऱ्हाडं बाहेर आली.

"हा म्हातारा तुमचा हाय का?" त्यातला थोरला म्हणाला. "आमच्या बायांच्या मागं मागं फिरतो. टोपल्या घेऊन चालल्या की हा मागं. काल बी आला, आज बी आला. म्हातारा म्हनून हात नाय लावला."

मामंजी म्हणाले, "मी लुगडं बघत होतो." हे ऐकून रांगेतली पोरं खिदळली. मच्छीमार काही हसला नाही. "लुगडा बघायचा तर दुकानात जा," एवढं बोलून दोघं निघून गेले.

ह्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. शेजारीपाजारी आत गेल्यावर ते वडिलांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, माझी इथे नोकरी आहे. आजपासून कुठल्याही बाईकडे मान वर करून बघायचं नाही. शब्द द्या." मामंजी म्हणाले, "बरं." त्यांनी वाद घातला नाही, समजावलं नाही. आत चुलीशी बसून मी देवाचे आभार मानले.

शब्द त्यांनी असा काही पाळला की बघणाऱ्याला चीड यावी. ओट्यावर बसायचे ते भिंतीकडे तोंड करून. कुणी बाई समोरून आली की नजर पायाच्या अंगठ्यावर. मी ताट वाढलं तरी ताटाकडेच बघायचे. माझा हात भाजला होता तेव्हा पट्टी बांधलेली त्यांना कितीतरी दिवसांनी कळली, तीही ह्यांनी सांगितल्यावर. विहिरीवरच्या बायका म्हणाल्या, सासरे सुधारले हो तुमचे. मी हो म्हटलं.

त्याच उन्हाळ्यात पालघरचे एक कापडवाले शेठ घरी आले. मामंजींची त्यांची गिरणीच्या दिवसांपासूनची ओळख. त्यांनी एक कल्पना मांडली. किनाऱ्यावरच्या बाया पिढ्यान्पिढ्या तीच चौकड्यांची लुगडी नेसतात. त्यांच्यासाठी छापाचं नऊवारी काढलं, खास त्यांचं असं काही, तर नारळी पौर्णिमेला डहाणूपर्यंत खपेल. सुरतेकडून छापून आणायची व्यवस्था शेठ करणार होते. मामंजींनी फक्त काढायचं.

शेठ गेल्यावर मी तांदूळ निवडत बसले होते. मामंजी तांदळाच्या सुपाकडे बघत म्हणाले, "सूनबाई, हे लुगडं बायांनी अंगाला लावलं, तर शेठ मला कायम काम देणार आहेत. नाही लावलं तर ब्रश धुऊन पेटीत. मग मी या घरात जेवायला बसण्यापुरताच." हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी वर बघितलं. ते अर्थातच वर बघत नव्हते.

त्यांनी होड्या काढल्या. निळ्या-हिरव्या पाण्यावर छोट्या छोट्या शिडाच्या होड्या, पुढची नाळ उंच, काठीला पताका. एक ओळ डावीकडे निघालेली, दुसरी उजवीकडे. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, पण मी कामं टाकून तो कागद बघत राहायचे. पानठिपका काढणाऱ्या हाताने हे काढलं, याचा मला पहिल्यांदा थोडा अभिमान वाटला. अर्थात विहिरीवर मी काही बोलले नाही.

एकदा त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं, "त्या मासेवालीला विचारशील का, कासोटा घालताना त्या निऱ्या किती वर ओढून घेतात ते?" मासेवाली म्हणजे नवापूरहून आमच्या रांगेत बोंबील-बांगडे घेऊन येणारी, माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ आणि वजनात सढळ. सासऱ्याच्या वतीने परक्या बाईला कासोट्याबद्दल विचारायचं! मी दोन दिवस ते तोंडातच ठेवलं. शेवटी बांगडे निवडता निवडता विचारलं तर ती अशी हसली की टोपली हलली. "बाय, तुला नेसायचा हाय काय?" तिने गुडघ्याशी हात लावून दाखवला, "हितवर. पान्यात जावं लागतं आमाला." मी आत येऊन सांगितलं, गुडघ्यापर्यंत. मामंजींनी त्या बेताने खालचा काठ अरुंद केला. यापलीकडे विचारायचं काही आहे, हे त्यांना सुचलं नाही आणि मलाही नाही. माझ्या आईची, आत्याची नऊवारी मी जन्मभर बघितली होती, पण ती सगळी साधी, चौकड्यांची, नाहीतर पानठिपक्याची. चौकड्याला नि बारीक पानाला कुठे डोकं आणि पाय असतात?

श्रावणात लुगडी छापून आली. शेठांनी पहिलं मामंजींना भेट दिलं. मामंजी म्हणाले, "हे त्या मासेवालीला दे. नारळी पौर्णिमेला तिने नेसावं." तिला काय आनंद झाला! घडी मोडून तिने होड्या मोजल्यासारखं बोट फिरवलं आणि म्हणाली, "आमच्या होड्या! म्हातारबांनी काढल्या?" जाताना तिने भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मामंजींच्या पाठीला नमस्कार केला. तो त्यांना दिसलाच नाही.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या समुद्रात गेल्या. आम्ही वाट बघत होतो की शेठांकडून निरोप येईल, माल संपला, आणखी छापतो. निरोप आला तो उलटा. दुकानात लुगडी तशीच पडून होती. आधी नेलेल्या बायकासुद्धा परत आणून देत होत्या, आणि कारण विचारलं तर बोलत नव्हत्या. मामंजींनी ते ऐकलं, ब्रश स्वच्छ धुतले, फडक्याने पुसले आणि पेटीत ठेवले. पेटीचं झाकण लावल्याचा आवाज मी चुलीपाशी ऐकला.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी मासेवाली आली. टोपली नव्हती. काखेत ते लुगडं गुंडाळलेलं होतं. ते तिने मामंजींच्या शेजारी ओट्यावर ठेवलं. फेकलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तिने ठेवलं.

"घ्या तुमचा लुगडा," ती म्हणाली. "जाळता येत नाय, कोनाला देता येत नाय. घरात ठेवून मला जोप नाय. माजा मानूस दर्यात हाय."

एकेका दारात बायका उभ्या राहिल्या. मी तिला आत चल म्हटलं, ती हलली नाही. मग तिने सांगितलं. पौर्णिमेला नटूनथटून ती लुगडं नेसून नारळ घेऊन पुढे चालली होती. मागून बायकांचा एकच गलका झाला. कुणी तिला धरून ओढत घरात नेलं आणि लुगडं सोडायला लावलं. पुढून होड्या सरळ, सुंदर. मागून एकूण एक होडी पालथी. डोलकाठी खाली, बूड वर.

"होड्या जायच्या दिवशी!" ती म्हणाली. "आमची मानसं पान्यात जायची, आनि मी पाठीवर पालथ्या होड्या घेऊन फिरले. माजी सासू माज्याशी बोलत नाय."

नागपूरवाल्या काकूंनी तोंडाला पदर लावला. आता रांगेतल्या सगळ्यांना कळलं होतं की आमचा म्हातारा हिशेबात नव्हता, आणि बायांच्या अंगावर त्याने काय काढून ठेवलं तेही. लाजेने मी अर्धी झाले.

मामंजी जमिनीकडेच बघत होते. ते म्हणाले, "बाई, मी होड्या सरळ काढल्या होत्या. पालथ्या कशा झाल्या ते मला कळत नाही. मला दाखवाल?"

"दाखवू? परत नेसू?" ती ओरडली. "सांगितला ना, माजा मानूस दर्यात हाय!"

त्यांनी मान हलवली. मग मामंजी ते लुगडं चाचपायला लागले. मांडीवर पसरलं, उलटं धरलं, सुलटं धरलं, एक टोक खांद्यावर टाकून बघितलं. म्हातारा माणूस, भर दुपारी, सगळ्यांसमोर, बाईच्या लुगड्याशी झटापट करत होता. बायकांमागे एवढी वर्षं चालला तो याच एका गोष्टीसाठी, आणि नेमका याच वेळी आम्ही त्याची मान खाली बांधून ठेवली होती. ह्यांनी शब्द मागितला तेव्हा मी देवाचे आभार मानले होते. ते आठवलं आणि मला माझीच शिसारी आली.

मी मासेवालीला म्हटलं, "मला नेसव."

"तुला?"

"माझा माणूस विजेच्या तारांवर असतो. त्याला होडी लागत नाही."

स्वयंपाकघरात तिने मला ते नेसवलं. पाचवारीची सवय असलेल्या माझ्या कमरेला तिने असं काही आवळलं की श्वास अडकला. निऱ्या घातल्या, मग खाली वाकून त्या दोन पायांमधून मागे ओढल्या आणि कमरेत खोचल्या. खालचं कापड वर गेलं. तेव्हाच मला कळलं. पुढचं जे खाली असतं तेच मागे वर जातं, होडीसकट. इतकी साधी गोष्ट. पोटऱ्या उघड्या पडल्या होत्या. माझ्या पोटऱ्या माझ्या आईनेसुद्धा मी मोठी झाल्यावर बघितल्या नव्हत्या.

मी ओट्यावर आले. रांगेतल्या बायका, शाळेतून आलेली पोरं, विहिरीवर पाणी प्यायला थांबलेला एक टांगेवाला, सगळे बघत होते. मी मामंजींपुढे गेले आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. थांबले. मागून काहीच आवाज येईना. मान वळवून बघितलं तर ते अजून पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले होते. शब्द दिला होता ना.

"मामंजी, बघा," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं नाही असं मला वाटलं. मी मोठ्याने म्हटलं, "मामंजी, माझ्याकडे बघा."

मग त्यांनी मान वर केली. खूप वेळ ते बघत होते. मान वाकडी, डोळे बारीक, पहिल्यासारखे. "अरेच्चा," ते हळूच म्हणाले, "कापडच फिरतंय." आणि मग घाबरत, "सूनबाई, जरा चालून दाखवतेस?"

मी विहिरीपर्यंत गेले. पोटऱ्या उघड्या, पाठीवर पालथ्या होड्या, आणि सगळी रांग बघत असताना. परत आले तर मामंजी आत जाऊन पेटी उघडत होते. मासेवालीने डोळे पुसले आणि टांगेवाल्यावर खेकसली, "तू काय बगतोस रे?"

तिचा माणूस दोन दिवसांनी सुखरूप परतला. परतला नसता तर मी हे आज लिहूच शकले नसते. मामंजींनी शिंपल्यांचं लुगडं काढलं. ज्याला वर नाही की खाली नाही, कुठूनही फिरवा. पहिल्यांदा फसल्यामुळे शेठांनी थोडंच छापलं, ते संपलं, मग आणखी छापलं. पुढे केळव्यापासून डहाणूपर्यंत सुकत्या बोंबिलांच्या शेजारी ती लुगडी वाळत घातलेली दिसायची. काढणाऱ्याचं नाव त्यावरही नव्हतं. मासेवालीने मात्र तिच्या लुगड्याचं कापड एकदा मामंजींच्या तोंडासमोर धरून सांगितलं, "ह्ये चांगला हाय, म्हातारबा."

मी विहिरीपर्यंत चालले त्याच दिवशी संध्याकाळी ह्यांनी सगळं ऐकलं आणि वडिलांजवळ जाऊन म्हणाले, "बाबा, तो शब्द मी परत घेतो." मामंजी म्हणाले, "बरं." पण मान काही वर झाली नाही. इतक्या दिवसांत मानेला तीच सवय लागली होती, की आमच्यावरचा विश्वास उडाला होता, कोण जाणे. मी छापाच्या साड्या परत नेसायला लागले, चालून दाखवायला लागले, विहिरीवर सगळ्यांसमोर पाठमोरी उभी राहायला लागले. ते कागद घेऊन मागे बसलेले असायचे, नजर जमिनीवर. दर वेळी मलाच म्हणावं लागायचं, मामंजी, बघा. ते जाईपर्यंत, दर वेळी.